फिलिपिनो साहित्यातले पुरस्कार: नवख्याने सुरुवात कुठून करायची

मनिला आणि पुरस्कार हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याकडे एकच नाव निघतं, मॅगसेसे. विनोबांना १९५८ साली, सी. डी. देशमुखांना १९५९ ला, बाबा आमट्यांना १९८५ ला, पुढे २००८ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांना, म्हणजे महाराष्ट्राची आणि या पुरस्काराची ओळख तशी जुनीच. पण मॅगसेसे सगळ्या आशियासाठी आहे आणि तो काही फक्त साहित्याचा नाही. फिलिपिन्समधल्या लेखकांसाठी देशपातळीवरचे जे पुरस्कार आहेत ते वेगळेच, आणि त्यांची नावं आपल्यापैकी फार कमी जणांनी ऐकलेली असतात.

नोकरीसाठी मनिला किंवा सेबूला गेलेली मंडळी, दावाओला मेडिकलला असलेली पोरं, तिकडे लग्न करून राहिलेले लोक, किंवा इथेच पुण्यात नाहीतर नागपुरात बसून तिकडचं काहीतरी चांगलं वाचायचंय असं वाटणारे, यांच्यासाठी हे लिहितोय. दुकानात गेलं की प्रत्येक तिसऱ्या पुस्तकावर 'पुरस्कारविजेता लेखक' असं छापलेलं दिसतं आणि त्यातून काहीच कळत नाही. ते कळावं एवढाच हेतू.

पहिली पायरी: पुरस्कार कागदाला, पुस्तकाला की माणसाला?

हे आधी बघायचं. बाकी सगळं नंतर.

आपल्याला सवय साहित्य अकादमीची. पुस्तक छापून येतं, मग त्या पुस्तकाला अकादमी मिळते, मग आपण ते शोधून वाचतो. फिलिपिन्समधला सगळ्यात गाजलेला साहित्य पुरस्कार, म्हणजे पलांका, बहुतेक वेळा अशा लेखनाला मिळतो जे अजून कुठे छापलेलंच नाही. लेखक घरी बसून कथा लिहितो, टाइप करून पाठवतो, नाव न बघता परीक्षक वाचतात, बक्षीस जाहीर होतं. कथा वाचकांपर्यंत यायला मग वर्ष लागो, चार वर्षं लागोत, कधी कधी येतच नाही. त्यामुळे 'यंदाची पलांका मिळालेली कादंबरी द्या' असं दुकानात विचारलंत तर दुकानदार तुमच्याकडे बघतच राहील, कारण ती कादंबरी अजून लेखकाच्या लॅपटॉपमध्ये असते.

दुसरा प्रकार छापील पुस्तकाचा, तो नॅशनल बुक अवॉर्ड. हा आपल्या ओळखीचा मामला. आणि तिसरा माणसाला, त्याच्या सगळ्या कामासाठी, तो नॅशनल आर्टिस्ट. हे तीन डोक्यात वेगळे ठेवलेत की निम्मा गोंधळ संपला.

एकाच पुस्तकावर हे कसं दिसतं ते बघायचं असेल तर एफ. एच. बाताकान यांची 'स्मॉलर अँड स्मॉलर सर्कल्स' ही इंग्रजी कादंबरी घ्या. केसोन सिटीतल्या पयातासच्या कचराडेपोजवळ लहान मुलांचे खून होतायत आणि दोन जेझुइट पाद्री त्याचा तपास करतायत, अशी ती गोष्ट. १९९९ मध्ये हिला पलांकाचं कादंबरीचं ग्रँड प्राइझ मिळालं तेव्हा ती नुसती टाइप केलेली पानं होती. २००२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्सच्या प्रेसने पुस्तक काढलं आणि मग त्या पुस्तकाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. लेखिकेचं ते पहिलंच पुस्तक, म्हणून मग पहिल्या पुस्तकासाठी असलेला माद्रिगाल-गोन्सालेस पुरस्कारही मिळाला. २०१५ मध्ये अमेरिकेत हीच कादंबरी वाढवून पुन्हा छापली, २०१७ मध्ये सिनेमा आला. म्हणजे एकाच गोष्टीला तीन पुरस्कार, तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर, आणि तुम्ही आज ऑनलाइन मागवाल ती प्रत बहुतेक २०१५ ची, म्हणजे परीक्षकांनी १९९९ मध्ये वाचलेला मजकूर तो नव्हेच.

दुसरी पायरी: भाषांचे कप्पे समजून घ्या

स्पेनने तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, मग १८९८ नंतर अमेरिका आली आणि शाळांमधून इंग्रजी आली, १९४६ ला स्वातंत्र्य. १९८७ च्या राज्यघटनेप्रमाणे राष्ट्रभाषा फिलिपिनो आणि सरकारी कामकाजाला फिलिपिनो आणि इंग्रजी दोन्ही. फिलिपिनो भाषेचा पाया टागालोग, म्हणजे मनिला आणि आजूबाजूच्या भागातली भाषा. सेबूचा माणूस घरी सेबुआनो बोलतो, इलोइलोचा हिलिगाय्नोन, उत्तरेकडचा इलोकानो, आणि टागालोगलाच राष्ट्रभाषा का केलं यावर त्यांची जुनी नाराजी आहे. हिंदीबद्दल आपल्याकडे जे वाद होतात ते आठवा, फार समजावून सांगायला नको.

पुरस्कारांमध्ये याचा परिणाम असा की इंग्रजी आणि फिलिपिनो यांची आपसात स्पर्धाच लावत नाहीत. इंग्रजी कथेला वेगळं बक्षीस, फिलिपिनो कथेला वेगळं, परीक्षक वेगळे. त्यामुळे 'त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट लेखक कोण' या प्रश्नाला पलांकात उत्तरच नसतं. बाकीच्या भाषांना मात्र फार उशिरा जागा मिळाली. पलांकामध्ये सेबुआनो, हिलिगाय्नोन आणि इलोकानो या तीन भाषा १९९७ मध्ये आल्या आणि त्याही फक्त लघुकथेपुरत्या. या तिन्हींच्या पलीकडे बिकोल, वाराय, किनाराय-आ वगैरे भाषा आहेतच. माझं स्पष्ट मत, ज्या देशात शंभरावर भाषा बोलल्या जातात तिथे 'राष्ट्रीय' म्हणवणाऱ्या स्पर्धेने एवढ्यावर थांबणं कंजूषपणाचं आहे, पण खाजगी संस्थेचा पैसा आहे, त्यांना काय म्हणणार.

आणि एक गंमत. तिथला सगळ्यात जुना साहित्य पुरस्कार इंग्रजीचाही नाही आणि फिलिपिनोचाही नाही. १९२० मध्ये सुरू झालेला प्रेमियो सोबेल हा स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्या फिलिपिनो लेखकांसाठी होता. स्पॅनिशमध्ये लिहिणारेच संपत गेले तसा तोही थंडावला. मग १९४० मध्ये तिथल्या कॉमनवेल्थ सरकारने, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यात असतानाच्या स्वायत्त सरकारने, इंग्रजी, स्पॅनिश आणि टागालोग अशा तिन्ही भाषांसाठी बक्षिसं ठेवली, त्यात मानुएल आर्गिया यांच्या इंग्रजी कथासंग्रहाला पहिलं मिळालं. पुढे युद्ध आलं आणि ते सगळं तिथेच थांबलं.

तिसरी पायरी: पलांका नीट समजून घ्या

इथे जरा वेळ देऊ कारण नव्वद टक्के वेळा तुम्हाला हेच नाव ऐकू येणार आहे.

पूर्ण नाव कार्लोस पलांका मेमोरियल अवॉर्ड्स फॉर लिटरेचर. डॉन कार्लोस पलांका हे चीनमधून लहानपणी मनिलाला आलेले व्यापारी, त्यांनी १९०२ मध्ये तोंदो भागात ला तोंदेन्या नावाची दारूची भट्टी काढली आणि ती देशातल्या मोठ्यातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली. १९५० मध्ये ते वारले आणि घरच्यांनी त्यांच्या नावाने ही स्पर्धा सुरू केली. म्हणजे देशाचं सगळ्यात मानाचं साहित्य पारितोषिक दारूच्या पैशातून उभं राहिलं, आणि याचं तिकडे कोणालाही काही वाटत नाही. बरंच आहे, निदान पैसा वाङ्मयाला तरी लागला.

सुरुवातीला फक्त लघुकथा, इंग्रजी आणि टागालोग. पहिल्याच वर्षी टागालोगमध्ये पहिलं बक्षीस मिळालेली हेनोवेवा एद्रोसा मातुते यांची 'कुवेंतो नी माबुती' ही एका शिक्षिकेची कथा आहे, ती आजही तिकडच्या शाळांमध्ये शिकवतात. इंग्रजीत त्या वर्षी हुआन गातबोंतोन यांची 'क्ले'. मग हळूहळू एकांकिका, पूर्ण लांबीचं नाटक, कविता, निबंध, कादंबरी, मुलांसाठी कथा, मुलांसाठी कविता असं वाढत गेलं. पटकथेचा विभाग फक्त फिलिपिनोत आहे, इंग्रजीत नाही, आणि ते बरोबरच, तिकडचे सिनेमे इंग्रजीत बनतात कुठे. १९९८ पासून काबाताआन नावाचा विभाग आला, तो १८ वर्षांखालच्या मुलांच्या निबंधांसाठी, त्याला दर वर्षी विषय ठरवून देतात. कादंबरीचा विभाग मात्र दर वर्षी असेलच असं धरू नका, त्या त्या वर्षीची नियमावली बघावी लागते.

प्रत्येक विभागात पहिलं, दुसरं, तिसरं अशी बक्षिसं असतात, कादंबरीला एकच ग्रँड प्राइझ. परीक्षकांना दर्जा पटला नाही तर बक्षीस न देण्याचीही मुभा असते आणि ते ती वापरतातही. आता मुद्दा असा की मुखपृष्ठावर नुसतं 'पलांकाविजेते' लिहिलेलं असतं तेव्हा ते ग्रँड प्राइझ असू शकतं, किंवा कॉलेजात असताना निबंधाला मिळालेलं तिसरं बक्षीसही असू शकतं. प्रकाशक ते कशाला सांगतील. पुस्तक उलटं करा, मागचा लेखकपरिचय वाचा, साल, विभाग आणि क्रमांक तिन्ही दिले असतील तर ठीक, नुसतंच मोघम असेल तर त्या शिक्क्याला फार भाव देऊ नका.

पाच वेळा पहिलं बक्षीस मिळवलं की हॉल ऑफ फेम, हे १९९५ पासून. त्यात ग्रेगोरियो ब्रियान्तेस, होसे दालिसाय, सिरिलो बाउतिस्ता, रेने विलानुएवा, लुइसा इग्लोरिया अशी नावं आहेत. लिओन्सिओ देरियादा यांचं नाव मुद्दाम सांगतो, कारण हा माणूस इंग्रजी, फिलिपिनो, सेबुआनो, हिलिगाय्नोन आणि किनाराय-आ अशा पाच भाषांमध्ये लिहायचा.

पलांकाने घडवलेलं सगळ्यात मोठं नाव विचाराल तर माझ्या मते लुआल्हाती बाउतिस्ता. यांच्या तीन कादंबऱ्यांना ग्रँड प्राइझ मिळालं, 'गापो' ला १९८० मध्ये, 'देकादा सेतेन्ता' ला १९८३ मध्ये आणि 'बाता, बाता, पानो का गिनावा' ला १९८४ मध्ये. साल बघा म्हणजे लक्षात येईल. हुकूमशहा मार्कोसच्या राजवटीत, मार्शल लॉच्या म्हणजे लष्करी कायद्याच्या दशकावर, एका मध्यमवर्गीय आईच्या तोंडून बोलणारी 'देकादा सेतेन्ता' सारखी कादंबरी लिहायची आणि ती स्पर्धेला पाठवायची, आणि परीक्षकांनी तिला पहिलं ठरवायचं. मार्कोसची सत्ता १९८६ ला गेली. म्हणजे हे सगळं ते खुर्चीत असतानाच झालं. बाउतिस्ता फेब्रुवारी २०२३ मध्ये वारल्या, दोन कादंबऱ्यांवर गाजलेले सिनेमे आहेत, आणि तिकडे कोणालाही विचारा, नाव माहीत असतंच.

उलट टोकाचं उदाहरण मिगेल सिहुको. यांच्या 'इलुस्त्रादो' या इंग्रजी कादंबरीला २००८ मध्ये पलांका आणि मॅन एशियन लिटररी प्राइझ दोन्ही मिळाले, तेही पुस्तक छापायच्या आधी. पुस्तक २०१० ला आलं. परदेशात जास्त चर्चा झाली ती याची.

कोविडमुळे २०२० आणि २०२१ ला स्पर्धा झाली नाही, २०२२ ला परत सुरू झाली. तेव्हा कोणी '२०२१ चा पलांका' म्हणत असेल तर हसून सोडून द्या.

चौथी पायरी: नॅशनल बुक अवॉर्ड, म्हणजे खरेदीची यादी

वाचक म्हणून तुमच्या कामाचा खरा पुरस्कार हा. मनिला क्रिटिक्स सर्कल नावाचा समीक्षकांचा गट १९८१ मध्ये जमला आणि पुढच्या वर्षीपासून त्यांनी आदल्या वर्षीच्या उत्तम पुस्तकांना पुरस्कार द्यायला सुरुवात केली. पैसे नाहीत, फार थाट नाही, पण वाचणारी माणसं. पुढे सरकारी नॅशनल बुक डेव्हलपमेंट बोर्ड, जे १९९५ च्या कायद्याने झालं, ते यात उतरलं आणि २००८ पासून दोघं मिळून देतात.

इथे पुस्तक प्रकाशक पाठवतात. कादंबरी, कथा, कविता, ललित गद्य तर आहेच, पण इतिहास, पत्रकारिता, कॉमिक्स, अनुवाद, स्वयंपाकाची पुस्तकं आणि मुखपृष्ठ-मांडणी यांनाही पुरस्कार आहेत. आणि भाषांच्या बाबतीत हे पलांकापेक्षा जास्त मोकळे, इंग्रजी आणि फिलिपिनोशिवाय सेबुआनो, इलोकानो, हिलिगाय्नोन, बिकोल अशा भाषांमधल्या पुस्तकांनाही जागा असते.

हिशोब सोपा आहे, गेल्या पाच-सात वर्षांची अंतिम यादी काढा, विजेतेच नाही तर अंतिम फेरीत आलेली सगळी, आणि त्यातून आपल्या आवडीचा विभाग निवडा. विजेता एकच असतो आणि परीक्षकांची आवड तुमची असेलच असं नाही. हिना आपोस्तोल यांच्या 'बिब्लिओलेप्सी' आणि 'द रेव्होल्युशन अकॉर्डिंग टू रायमुंदो माता' या दोन्ही कादंबऱ्यांना हा पुरस्कार मिळाला होता, पण बाहेरच्या जगाला त्या कळल्या कितीतरी वर्षांनी, २०२१-२२ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापल्यावर. म्हणजे ही यादी वाचणारा माणूस दहा-वीस वर्षं पुढे असतो.

लहान मुलांसाठी पुस्तकं हवी असतील तर नॅशनल चिल्ड्रन्स बुक अवॉर्ड्स वेगळे आहेत, आणि जुलैच्या तिसऱ्या मंगळवारी तिकडे बालपुस्तक दिन असतो, तिकडचे राष्ट्रनायक होसे रिसाल यांनी लिहिलेली माकड आणि कासवाची गोष्ट जुलै १८८९ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली होती म्हणून. त्याच दिवसाच्या आसपास सालांगा या बालकथेच्या पुरस्काराची विजेती कथा येते, आणि मग तीच कथा चित्रकारांना देऊन चित्रांची स्पर्धा घेतात, तो आलकाला पुरस्कार. आधी कथा जिंकते, मग तिची चित्रं. ही पद्धत आपल्याकडे कोणीतरी उचलायला हवी.

पाचवी पायरी: नॅशनल आर्टिस्ट

हा माणसाला. १९७२ मध्ये मार्कोसच्या काळात सुरू झाला, चित्रकला, संगीत, नाटक, सिनेमा, साहित्य सगळ्यांसाठी मिळून. दरमहा मानधन, सरकारी इतमामात अंत्यसंस्कार, वीरांच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा. साहित्यातले पहिले १९७३ ला, इंग्रजी कवी होसे गार्सिया विया आणि टागालोगमध्ये लिहिणारे आमादो एर्नांदेस, दुसऱ्यांना मरणोत्तर. मग निक वाकिन १९७६, एन. व्ही. एम. गोन्सालेस १९९७, एदिथ तिएम्पो १९९९, एफ. सिओनिल होसे २००१, विर्हिलियो आल्मारियो २००३, बिएनवेनिदो लुम्बेरा २००६, हेमिनो आबाद २०२२. यातल्या वाकिन, सिओनिल होसे आणि लुम्बेरा यांना मॅगसेसेही मिळालाय.

निक वाकिन यांचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७६ ला सरकारने त्यांना हा सन्मान देऊ केला तेव्हा त्यांचे कवी-पत्रकार मित्र होसे लाकाबा मार्शल लॉखाली तुरुंगात होते. वाकिन म्हणाले, लाकाबाला सोडा, मग घेतो. सोडावं लागलं.

आणि दुसरी बाजूही सांगतो. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष आरोयो यांनी निवड समितीच्या यादीत नसलेली चार नावं स्वतःच्या अधिकारात घुसडली. मग आधीचे नॅशनल आर्टिस्ट रस्त्यावर उतरले, आल्मारियो आणि बाकीचे सुप्रीम कोर्टात गेले आणि २०१३ मध्ये कोर्टाने त्या चौघांची निवड रद्द केली. पद्म पुरस्कारांवर दर जानेवारीत आपल्याकडे होणारी कुजबुज आठवली तर आठवू द्या, पण कोर्टाने निवड रद्द करेपर्यंत जायचं हे वेगळंच.

यातली बरीच मंडळी इंग्रजीत लिहिणारी, म्हणून आपल्यासाठी सोयीची. पण ही यादी म्हणजे देशातलं सगळं उत्तम साहित्य असं समजू नका. बाउतिस्ताबाईंना हयातभर हा सन्मान मिळाला नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

सहावी पायरी: बाकीचे, भराभर

फिलिपिनो भाषेतली कविता आवडत असेल तर कोमिस्योन सा विकांग फिलिपिनो ही सरकारी भाषा-संस्था 'माकाता नांग ताओन', म्हणजे वर्षाचा कवी, निवडते, कवी बालागतास यांच्या जन्मदिवसाला, २ एप्रिलला जोडून. लेखकांची संघटना उम्पिल, १९७४ ची, त्यांचा बालागतासच्याच नावाचा जीवनगौरव, त्याला अर्ज वगैरे नसतो. फिलिपिन्स ग्राफिक मासिकाचे निक वाकिन पुरस्कार त्यांच्याकडे छापून आलेल्या लेखनालाच मिळतात, म्हणजे आधी तिथे कथा छापून यायला हवी. तरुण कवींसाठी मानिंगनिंग मिकलात पुरस्कार आहे, २००० साली अगदी तरुणपणी गेलेल्या कवयित्री-चित्रकाराच्या नावाने, आणि त्यात फिलिपिनो, इंग्रजी आणि चिनी तिन्ही भाषांतल्या कविता चालतात.

वर्कशॉप हे पुरस्कार नाहीत, पण लेखकपरिचयात तुम्हाला 'सिलिमान फेलो' वगैरे दिसेल ते पुरस्काराइतक्याच अभिमानाने लिहिलेलं असतं. दुमागेते शहरातल्या सिलिमान विद्यापीठात एदिल्बेर्तो आणि एदिथ तिएम्पो या नवरा-बायकोने १९६२ मध्ये सुरू केलेलं हे शिबिर. तुमची कविता सगळ्यांसमोर टेबलावर ठेवतात आणि ज्येष्ठ लोक ती उसवतात, रडून बाहेर आलेल्या पोरांच्या गोष्टी तिकडे भरपूर. पुढच्या पलांकाविजेत्यांची नावं आधी इथेच दिसतात, म्हणून लक्ष ठेवायला हरकत नाही.

सातवी पायरी: पाठवायचंच असेल तर

आधी सरळ प्रश्न. पलांकासाठी तुम्ही फिलिपिन्सचे नागरिक किंवा माजी नागरिक असावे लागता. मनिलात दहा वर्षं राहून कर भरलात तरी भारतीय पासपोर्टवर चालणार नाही. पण आई किंवा वडील फिलिपिनो नागरिक असतील तर मूल तिकडच्या कायद्याने नागरिक असतं, म्हणजे मराठी बाबा आणि फिलिपिना आई असलेली १६ वर्षांची मुलगी काबाताआनला निबंध खुशाल पाठवू शकते. तिथे वयाचा पुरावा लागतो.

मग बाकीचं. एका विभागात एकच प्रवेशिका, पण विभाग कितीही. न छापलेलं लेखन, किंवा नियमावलीत दिलेल्या साधारण वर्षभराच्या मुदतीत पहिल्यांदा छापलेलं. आधी दुसऱ्या स्पर्धेत बक्षीस मिळालं असेल तर बाद. कवितेला सुट्या कविता चालत नाहीत, किमान १० आणि जास्तीत जास्त १५ कवितांचा संच लागतो, आणि तो संच म्हणून उभा राहायला हवा, पंधरा चांगल्या कविता कशाही लावल्या की झालं असं नाही. प्रवेशपत्रावर नोटरी लागते, तो दिवस शेवटच्या आठवड्यात ठेवू नका.

पानाची मांडणी हा भाग लोक हसण्यावारी नेतात. कागदाचा आकार साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे अमेरिकन लेटर. आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर ए-फोर आपोआप असतो, तो आधी बदला, नाहीतर सगळी पानं सरकतात. चारही बाजूंना एक इंच समास, दोन ओळींत दुप्पट अंतर, अक्षर १२ च्या मापाचं, फॉन्ट एरियल, टाइम्स, कुरियर किंवा बुकमन यांपैकीच. पानाच्या खाली आकडा '१० पैकी १', '१० पैकी २' असा, म्हणजे एखादं पान गायब असेल तर लगेच कळतं. लेखकाचं नाव कुठेही नको. टोपणनावही नको. फाइलच्या नावात नाव असतं, फाइलच्या गुणधर्मांमध्ये कॉम्प्युटरच्या मालकाचं नाव असतं, तेही पुसा. अर्पणपत्रिका काढा. 'माझ्या आईस' लिहून आईचं नाव टाकणारे महाभाग असतातच.

आता हे ऑनलाइन पाठवता येतं. तारखा आणि पानांच्या मर्यादा दर वर्षी थोड्या हलतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या मित्राच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका, त्या वर्षीची नियमावली उतरवून घ्या आणि पेन घेऊन वाचा. आणि 'आंतरराष्ट्रीय साहित्य पुरस्कार, प्रवेश फी अमुक डॉलर, प्रत्येकाला ट्रॉफी' असले मेसेज येतील ते सरळ डिलीट.

आठवी पायरी: काय वाचायचं, कुठून आणायचं

मी सांगेन तो क्रम असा. आधी निक वाकिन, त्यांच्या कथांचं एक जाडजूड पुस्तक २०१७ मध्ये पेंग्विन क्लासिक्सने काढलंय, भारतात मागवता येतं. भाषा जरा भरजरी आहे, पहिल्या वीस पानांत दम लागतो, पण सोडू नका. मग बाताकान, कारण ती रहस्यकथा आहे आणि दोन रात्रींत संपते. मग सिओनिल होसे यांची रोसालेस मालिका, पाच कादंबऱ्या, जमीनदार आणि कुळं यांची शंभर वर्षं, ग्रामीण मराठी कादंबरी वाचलेल्या माणसाला ही माणसं अनोळखी वाटणार नाहीत. पाचही वाचायची गरज नाही, 'पो-ऑन' पासून सुरू करा आणि आवडेल तिथपर्यंत जा. आपोस्तोल शेवटी, ती अवघड आहे, तळटीपांमध्ये तळटीपा, पण तोवर तिकडचा इतिहास थोडा अंगवळणी पडलेला असेल.

फिलिपिनो भाषा शिकत असाल तर 'कुवेंतो नी माबुती' आधी घ्या, शाळेतली कथा आहे त्यामुळे वाक्यं झेपतात, आणि कोणत्याही ऑफिसातल्या सहकाऱ्याला अडलेला शब्द विचारला तर तो अख्खी कथाच सांगायला बसतो.

मनिलात असाल तर एर्मितामधल्या पाद्रे फाउरा रस्त्यावर सॉलिदारिदाद नावाचं छोटं दुकान आहे, सिओनिल होसे आणि त्यांच्या पत्नीने १९६५ मध्ये काढलेलं, फिलिपिनो लेखकांची पुस्तकं मोठ्या मॉलपेक्षा तिथे बरी मिळतात. होसे २०२२ च्या जानेवारीत गेले. विद्यापीठांच्या प्रेसची पुस्तकं, म्हणजे यूपी (युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्स) प्रेस आणि आतेनेओ, यांची आवृत्ती संपली की पुन्हा यायला वेळ लागतो, तेव्हा आवडलेलं दिसलं की त्याच दिवशी घ्या. सप्टेंबरच्या आसपास मनिलाला लागून असलेल्या पासाय शहरात मनिला इंटरनॅशनल बुक फेअर भरतो, तिथे सगळे प्रकाशक एका छताखाली असतात आणि सवलतही बरी असते, फक्त शनिवार-रविवारी जाऊ नका, ढकलाढकलीत पुस्तक उघडूनही बघता येत नाही.